मिजली आणि मामांची आठशे

आर.ए.सी. च्या व्हायव्हात मला आर-१२ म्हणजे काय असं विचारलं होतं. डायक्लोरोडायफ्लुओरोमीथेन हे नाव मी एका दमात म्हणून दाखवलं, मार्क मिळाले, विषय संपला. हा गॅस मुळात कुणी आणि कशासाठी बनवला, हे ना मला विचारलं गेलं, ना मी कुणाला विचारलं. त्या माणसाची आणि माझी गाठ पडली ती मागच्या मे महिन्यात, कुहीला, मामांच्या मारुतीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा असताना.

कुही म्हणजे आमच्या नागपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. इकडे मिरचीचं मोठं काम. मामांचा मिरचीचा सातरा आहे. बायका ओळीने बसून मिरचीचे देठ तोडतात आणि हवेत असा ठसका भरलेला असतो की नवखा माणूस पाच मिनिटांत बाहेर पळतो. मामांकडे १९९३ ची मारुती ८०० आहे, एसीवाली. गाडीत नेहमी नमुन्याच्या मिरचीच्या पिशव्या. काच खाली करावी तर बाहेर चव्वेचाळीस अंशाची झळ, वर करावी तर आत ठसका. म्हणून मामांना एसी लागतोच, त्यात चैन वगैरे काही नाही. तो एसी दोन वर्षं बंद पडलेला. आधी एका मेकॅनिकने जुन्या गॅसच्या तेलावरच नवा आर-१३४ए भरून दिला होता. महिनाभर थंड हवा आली, मग कॉम्प्रेसर कण्हायला लागला, आणि एक दिवस जाम झाला. मामांनी भंगारातून दुसरा कॉम्प्रेसर आणून ठेवला आणि भाचा इंजिनीअर होतोय या भरवशावर माझी वाट पाहिली. हा भरवसा किती पोकळ होता ते मलाच ठाऊक.

कुहीतल्या ज्या मिस्त्रींकडे गाडी नेली ते साठीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आत गेले आणि फळीवरून दोन सीलबंद डबे घेऊन आले. खरा आर-१२. देशात याचं उत्पादन १ ऑगस्ट २००८ ला बंद झालं, त्याच्याही आधीचे डबे. मिस्त्रींचं म्हणणं साधं होतं. गाडी या गॅससाठी बनली, तेल याच गॅसचं, पाइप याच गॅसचे. हा भरला की झालं. नव्या गॅससाठी अर्धी सिस्टिम उघडावी लागेल आणि खर्च चौपट होईल. मामांचा चेहरा खुलला. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी उद्या सांगतो म्हणालो, कारण मला काही सुचत नव्हतं.

त्या रात्री गच्चीवर, मोबाइलच्या उजेडात, मी थॉमस मिजली या माणसाबद्दल वाचत बसलो. पुढे सुट्टीभर आणि कॉलेज सुरू झाल्यावर लायब्ररीतही वाचलं. मित्रांनो, आपल्या ब्रँचच्या माणसाबद्दल आपल्यालाच माहीत नसावं, याची जरा लाज वाटली म्हणून हा लेख.

हो, मिजली मेकॅनिकलवाला होता. इंटरनेटवर त्याला सर्रास केमिस्ट म्हणतात, पण १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून त्याने पदवी घेतली ती मेकॅनिकल इंजिनीअरिंगची. जन्म १८ मे १८८९ चा, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्सचा. वडीलही संशोधक वृत्तीचे, टायरमध्ये काम केलेले. १९१६ मध्ये तो ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंगच्या प्रयोगशाळेत लागला. हा केटरिंग म्हणजे गाडीच्या सेल्फ स्टार्टरचा जनक. त्याच्या आधी हँडल मारून गाडी सुरू करावी लागायची. पुढे ही प्रयोगशाळा जनरल मोटर्सकडे गेली आणि मिजलीचा सगळा जन्म केटरिंगच्या हाताखालीच गेला.

पहिलं काम मिळालं नॉकिंगचं. आय.सी. इंजिनच्या लॅबमध्ये आपण जो ठकठक आवाज ऐकतो, तोच. त्या काळी लोक याचा दोष केटरिंगच्या बॅटरी इग्निशनला देत होते, म्हणजे साहेबाच्या अब्रूचा प्रश्न. मिजलीने सिलेंडरमधल्या दाबाचा माग काढला आणि गडबड स्पार्कची नसून इंधनाची आहे हे दाखवलं. पण इंधनात नक्की काय चुकतं? इथे या दोघांनी जे डोकं चालवलं ते वाचून मी एकटाच हसलो. बर्फातसुद्धा लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीची पानं खालून लाल असतात. लाल रंग उष्णता लवकर घेतो म्हणून ती लवकर फुलत असेल, असा त्यांचा तर्क. मग इंधनच लाल केलं तर ते लवकर तापून नीट जळेल. मिजली लाल रंग शोधायला गेला तर तेलात विरघळणारा रंग स्टोअरमध्ये नाही. कुणीतरी सुचवलं, आयोडीन घाल. घातलं आणि नॉकिंग थांबलं! नंतर खरे लाल रंग आणून पाहिले, तर एकाचाही काडीचा उपयोग नाही. म्हणजे तर्क साफ चुकीचा आणि उत्तर बरोबर. आपल्या प्रॅक्टिकलमध्ये हे नेहमीच होतं, फक्त आपण ते जर्नलमध्ये लिहीत नाही.

आयोडीन महाग आणि धातू खाणारं. पुढची पाच वर्षं मिजली आणि त्याचे सहकारी पदार्थांमागून पदार्थ तपासत गेले. अॅनिलीन झालं, सेलेनियम झालं. टेल्युरियम चालायचं चांगलं, पण त्याचा लसणासारखा वास अंगाला असा चिकटायचा की धुतलं तरी जायचा नाही. हळूहळू अंधारात चाचपडणं सोडून त्यांनी आवर्त सारणी समोर मांडली. कोणत्या गटात, कोणत्या ओळीत परिणाम वाढत जातो ते पाहत ते शिशापर्यंत आले. ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राएथिल लेड इंजिनात घातलं आणि ठकठक थांबली. गॅलनला जेमतेम ३ घनसेंटीमीटर पुरत होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या पंपावर हे पेट्रोल विकायला आलं, एथिल नावाने. नावात शिसं कुठेच नव्हतं.

शिसं विषारी असतं हे तेव्हाही काही गुपित नव्हतं. मिजलीला तर स्वतःच्या शरीरावरून कळलं होतं. पेट्रोल बाजारात येण्याच्या सुमारासच तो शिशाची बाधा उतरवायला फ्लोरिडाला जाऊन राहिला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले. पाच जण मेले, कित्येक दवाखान्यात गेले. ३० ऑक्टोबरला पत्रकारांसमोर उभं केलं मिजलीलाच. त्याने ते रसायन हातांवर ओतून घेतलं आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला. रोज असं केलं तरी काही होत नाही, असं त्याचं सांगणं होतं. जो माणूस दीडएक वर्षापूर्वी याच विषापायी महिनाभर हवापालट करून आला होता, तो हे सांगत होता.

दुसरा पर्याय नव्हता म्हणावं तर तसंही नाही. अल्कोहोलने नॉकिंग कमी होतं हे मिजलीला चांगलं माहीत होतं, त्याने स्वतः ते तपासलं होतं. पण अल्कोहोल भरपूर मिसळावं लागतं, आणि कुणीही शेतकरी गाळू शकेल अशा वस्तूचं पेटंट मिळत नाही. आज आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शंभर वर्षं फिरून गाडी त्याच स्टेशनावर आली म्हणायची.

१९२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने बैठक घेतली. हार्वर्डच्या डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्यांनी तिथे स्पष्ट विरोध केला. विक्री काही काळ थांबली, १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. भारतात शिसंवालं पेट्रोल पूर्ण बंद व्हायला १ फेब्रुवारी २००० उजाडली. जगात सगळ्यात शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियाने थांबवलं. तोवर किती पोरांच्या मेंदूत ते शिसं गेलं असेल? हे मी मिजलीच्या खात्यावर टाकतो, आणि त्यात मला सूट द्यावीशी वाटत नाही.

पण फ्रिजच्या गॅसची गोष्ट वेगळी आहे. दोन्ही एका दावणीला बांधून त्याला जगाचं वाटोळं करणारा म्हणणारे लोक मला पटत नाहीत, ते यामुळे.

१९२० च्या दशकातल्या घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड किंवा अमोनिया असायचा. गॅस गळला की झोपेतली माणसं मरायची. बर्लिनमधल्या अशाच एका कुटुंबाच्या मृत्यूची बातमी वाचून खुद्द आइन्स्टाइनने लिओ झिलार्डबरोबर हलते भाग नसलेल्या फ्रिजचं डिझाइन केलं होतं. म्हणजे प्रश्न किती गंभीर होता ते बघा. १९२८ मध्ये केटरिंगने मिजलीकडे निरोप धाडला. विषारी नको, पेटणारा नको, आणि उकळण्याचा बिंदू फ्रिजला जमेल असा गॅस पाहिजे.

मिजलीने अल्बर्ट हेने आणि रॉबर्ट मॅकनॅरी यांना घेतलं आणि पुन्हा आवर्त सारणीच मांडली. वायुरूप होणारी संयुगं देणारी मूलद्रव्यं उजव्या बाजूला. डावीकडून उजवीकडे जाताना पेटण्याचा गुण कमी होतो, खालून वर जाताना विषारीपणा कमी होतो. दोन्ही बोटं ज्या कोपऱ्याकडे गेली तिथे बसला होता फ्लोरीन, ज्याच्या वाटेला कुणी जात नसे. त्यांचं लक्ष तिकडे गेलं त्यालाही एक छापील चूक कारण झाली होती. कोष्टकांच्या पुस्तकात कार्बन टेट्राफ्लुओराइडचा उत्कलनबिंदू खऱ्यापेक्षा फारच जास्त दिलेला होता.

गॅस बनवायला लागणारं अँटिमनी ट्रायफ्लुओराइड देशभरात मिळून फक्त पाच छोट्या बाटल्या निघालं. एक बाटली उचलून त्यांनी पहिला गॅस तयार केला आणि काचेच्या हंडीखाली ठेवलेल्या गिनीपिगवर सोडला. प्राणी मजेत. दुसरी बाटली वापरली, प्राणी मेला. तपासलं तर पाचपैकी फक्त पहिली बाटली शुद्ध होती, बाकी चारांत पाण्याचा अंश, त्यापासून फॉस्जीन तयार होत होता. आता विचार करा, हात दुसऱ्या बाटलीवर पडला असता तर? फ्लोरीनची संयुगं विषारीच, असं म्हणून वही मिटली असती. आर-१२ जन्मलाच नसता, ओझोनला भोक पडलं नसतं, आणि कदाचित अजून काही वर्षं घरोघरी माणसं अमोनियाने गुदमरत राहिली असती. यातलं कुठलं जास्त वाईट, याचा हिशेब मला लागलेला नाही.

एप्रिल १९३० मध्ये अटलांटाला अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलीने हा गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवली. एका फुंकरीत दोन्ही गोष्टी सिद्ध, विषारीही नाही आणि पेटतही नाही. हातांवर शिसं ओतणारा माणूस तोच, पण या वेळी तो खोटं बोलत नव्हता. त्याच वर्षी जनरल मोटर्स आणि ड्युपाँट यांनी मिळून कंपनी काढली, फ्रिऑन हे नाव घरोघर झालं. १९३९ मध्ये पॅकार्डने कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी आणली. तिथून सुरू झालेली वाट तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आपल्या मारुतीपर्यंत पोचली.

मान भरपूर मिळाला. १९३७ चं पर्किन पदक, १९४१ चं प्रीस्टली पदक, १९४४ मध्ये केमिकल सोसायटीचं अध्यक्षपद. नावावर शंभरावर पेटंटं. पण १९४० मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी पोलिओ झाला आणि पाय गेले. इंजिनीअरच तो. स्वतःला अंथरुणातून उठता यावं म्हणून त्याने दोर आणि कप्प्यांची एक यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ ला त्याच दोरांत गळा आवळून तो गेलेला सापडला. वय ५५. तो अपघात होता की जाणूनबुजून केलेलं, यावर मतभेद आहेत. मेकॅनिझमचा हा शेवट वाचून मी मोबाइल बंद केला होता. त्या रात्री झोप आली नाही.

ओझोनचं जे झालं ते त्याला कळायची सोय नव्हती. तो गेल्यावर सत्तावीस वर्षांनी, १९७१ मध्ये, जेम्स लव्हलॉक जहाजाने अंटार्क्टिकाकडे निघाला तेव्हा त्याला वाटेतल्या हवेत सगळीकडे हे गॅस सापडले. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवून दिलं की खाली कशालाच दाद न देणारा हा गॅस वर, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, अतिनील किरणांनी फुटतो. सुटलेला क्लोरीनचा एक अणू ओझोनचे लाखाच्या घरात रेणू मोडू शकतो. ज्या स्थिरपणासाठी मिजलीने तो निवडला, तोच स्थिरपणा त्याला वरपर्यंत घेऊन गेला. १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट जाहीर केली, १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला. आर-१२ हवेत शंभरेक वर्षं टिकतो. मिजलीच्या हयातीत सुटलेला काही गॅस आजही वर आहे.

सकाळी मी मिस्त्रींना कसंबसं समजावून सांगितलं. शिशाच्या वेळी मिजलीला माहीत होतं, फ्रिजच्या वेळी नव्हतं. आणि आता आपल्याला माहीत आहे. जुन्या कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून आज ना उद्या गॅस गळणारच, म्हणजे डबा गाडीत भरायचा की गच्चीवर जाऊन फोडायचा, यात फरक फक्त दोन-तीन वर्षांचा. मिस्त्री ऐकत होते. मग त्यांनी विचारलं की इतकी वर्षं त्यांनी सर्व्हिसिंग करताना जो गॅस सोडला, त्याचं काय. मला उत्तर देता आलं नाही. मामांनी मात्र थोडा वेळ गाडीकडे पाहून नवा गॅस टाका म्हणून सांगितलं. चौपट खर्च त्यांचा होता, माझा नाही, हे मी विसरलेलो नाही.

काम दोन दिवस चाललं. तुम्हाला कधी करायची वेळ आली तर उपयोग होईल म्हणून सांगतो. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, आणि जुनं मिनरल ऑइल त्यात मिसळत नाही. तेल कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा मरतो. मामांचा पहिला कॉम्प्रेसर असाच गेला होता. म्हणून कंडेन्सर, इव्हॅपोरेटर, पाइप सगळं फ्लश केलं आणि एस्टर ऑइल घातलं. पीएजी तेल जुन्या क्लोरीनच्या अंशाला बिचकतं, एस्टर निभावून नेतं. रिसीव्हर-ड्रायर बदलला, कारण आतले जुने दाणे नव्या गॅसला चालत नाहीत. काळे ओ-रिंग काढून हिरवे एचएनबीआरचे घातले. नवा रेणू लहान, जुन्या रबरी होजमधून झिरपतो, म्हणून दोन होज बॅरियरवाल्या करून आणल्या. सर्व्हिस पोर्टला आर-१३४ए चे अॅडॉप्टर लावले, म्हणजे पुढे कुणी चुकून जुना गॅस भरायला नको.

माझा खरा घोर नागपूरच्या उन्हाचा होता. कंडेन्सर साठ अंशावर गेला तर आर-१२ चा दाब सुमारे १५ बार असतो, आर-१३४ए चा सुमारे १७. गाडीचा कंडेन्सर लहान. मिस्त्रींनी समोर जादा पंखा बसवला आणि हाय प्रेशर स्विच टाकला. पाऊण तास व्हॅक्यूम ओढून ठेवला, काटा हलला नाही, मग गॅस सोडला. जुन्या लेबलवरच्या वजनाच्या सुमारे ८५ टक्केच. पूर्ण भरण्याचा मोह होतो, पण तसं केलं की दाब चढतो आणि थंडावा उलट कमी होतो. बॉनेटखाली नवीन चिठ्ठी चिकटवली. त्यावर गॅस, तेल, वजन आणि तारीख मी माझ्या हाताने लिहिली.

मामा मला घेऊन मांढळपर्यंत जाऊन आले. चालत्या गाडीत हवा छान, उभ्या गाडीत जरा कोमट. पूर्वीइतकी थंड नाही, हे मामांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगता सांगता त्यांना झोप यायला लागली, तेव्हा स्टेअरिंग मी घेतलं.

हा नवा गॅसही काही साधुसंत नाही. ओझोनला तो धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींच्या आसपास आहे. २०१६ च्या किगाली करारात यालाही कमी करत नेण्याचं ठरलं, आणि २०२१ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. म्हणजे आपल्यापैकी कुणाला तरी मिस्त्रींच्या शेजारी पुन्हा उभं राहायचं आहेच.

ते दोन डबे मिस्त्रींनी परत फळीवर ठेवले. दिवाळीत कुहीला गेलो तेव्हा पाहिलं, एकाच्या बुडाला गंज धरायला लागलाय. गॅस जाळून नष्ट करणारी भट्टी असते हे मी वाचलं होतं, पण दोन डब्यांसाठी कुठे जायचं हे अजून शोधतोय. तोवर मिस्त्रींनी ते फळीवरून उतरवून भिंतीलगत, सावलीत, पोत्यावर ठेवलेत.